सामान आमचं, मजुरी तुमची

ब्रॅकनेलच्या दक्षिणेकडच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटं गॅरेज आहे. दोन लिफ्ट, एक किटली, कोपऱ्यात झोपलेला कुत्रा. काउंटरच्या मागे छापील पाटी लावलेली आहे: ग्राहकाने आणलेले भाग बसवले जाणार नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मी त्या पाटीसमोर हातात एक मोठं खोकं घेऊन उभा होतो आणि खोक्यात नेमका ग्राहकाने आणलेला भाग होता.

तो भाग म्हणजे इंटरकूलर. माझी गाडी दहा वर्षं जुनी, टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाला हात लावून पाहिला असेल, तर हे वेगळं सांगायला नको. तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेत प्राणवायू कमी. म्हणून मध्ये एक रेडिएटरसारखा जाळीदार डबा बसवतात. तो हवा थंड करतो, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त प्राणवायू मावतो. कंपनीने दिलेला डबा लहान होता, तो बदलून मोठा घालायचा, पुढे जमलं तर इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंगही बदलून घ्यायचं, असा माझा बेत. गरज काय होती? काहीच नाही. पोस्टडॉकच्या पगारात ही हौस बसत नव्हती, पण हौसेला मोल नसतं, असं आपणच म्हणून ठेवलंय.

मोल मात्र मी कसून काढलं होतं. भाग घरपोच ३१० पौंडांना मिळाला. हाच भाग आणून बसवून देण्याचे याच गॅरेजने ५६० सांगितले होते. मजुरीला फार तर शंभर-सव्वाशे जातील, असा हिशोब करून मी खोकं घेऊन गेलो. मालकाने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे पाटीकडे बोट दाखवलं. मजुरी थोडी जास्त घ्या म्हटलं, तरी मान हलली नाही.

मला राग आला. तो रागही अगदी पुणेरी होता. मी वाढलो तिथे गाडीचं काम म्हणजे दोन फेऱ्या. पहिली नाना पेठेत, जिथे दुकानामागून दुकानं नुसत्या स्पेअर पार्टची. तिथे ‘ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं, भाव करायचा, पुडी घ्यायची. दुसरी फेरी मिस्त्रीकडे. पुडी त्याच्या हातात द्यायची, त्याने मजुरी सांगायची. सामान आमचं, मजुरी तुमची. घर रंगवताना, कपडे शिवताना, लग्नात आचारी ठरवताना आपण हेच करतो. भाग आणि काम एकाच माणसाकडून घेणं म्हणजे फसवून घेणं, ही समजूत माझ्या हाडात होती. मग हा बुवा माझी मजुरी का नाकारतो?

मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करतो. रागावल्यावर आमच्याकडे एकच उपाय असतो, कागद उघडणे. पुढचं सगळं त्या रागातून वाचलेलं आहे. अडीचशे पौंडांच्या त्या फरकामागे ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास निघाला आणि त्यातला बराचसा माझ्या घरापासून गाडीने तासा-दीड तासाच्या आत घडलेला होता.

ब्रॅकनेल हे मुळात ठरवून वसवलेलं गाव. १९४९ मध्ये सरकारने ‘न्यू टाउन’ म्हणून ते घोषित केलं. लंडनची गर्दी बाहेर काढायची, घरं एकीकडे, कारखाने दुसरीकडे, आणि मध्ये चक्राकार चौकांची माळ. इथे चाळीसेक वर्षं ब्रिटनच्या हवामान खात्याचं मुख्यालय होतं, ते २००३ मध्ये एक्झेटरला गेलं. बीएमडब्ल्यूच्या ब्रिटनमधल्या कंपनीचं कार्यालय अनेक वर्षं इथे होतं. होंडाचं आज आहे. आणि दहा-पंधरा मिनिटांवर क्रोथोर्न. १९६०च्या दशकात रस्ते संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा तिथे आली, स्वतःच्या चाचणीच्या ट्रॅकसह. त्या जमिनीवर आता घरं झाली आहेत. त्या वसाहतीचं नाव बकलर्स पार्क.

बकलर हे नाव मला वाचनात पुन्हा भेटलं. डेरेक बकलर नावाच्या माणसाने दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ च्या सुमारास, शेजारच्या रेडिंगमध्ये गाड्यांचा उद्योग सुरू केला आणि पुढे तो क्रोथोर्नला हलवला. तो पूर्ण गाडी विकण्यापेक्षा गाडीचा सांगाडा विकायचा. पोलादी नळ्या जोडून केलेली हलकी चौकट, तिच्यावर तुम्ही तुमच्या जुन्या फोर्डचं इंजिन, आस आणि चाकं चढवायची. सोबत वेगासाठी लागणारे भागही मिळत, उदाहरणार्थ जवळजवळच्या गुणोत्तरांचे गिअर. साध्या फोर्डला तीनच गिअर आणि त्यांच्यात मोठी दरी. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की इंजिन दमायचं. बकलरचे गिअर ही दरी बुजवत. त्याने आपल्या पहिल्या गाडीला ‘मार्क ५’ म्हटलं. ही पहिलीच आहे असं गिऱ्हाइकाला वाटू नये म्हणून, असं सांगतात. हा विनोद कुठल्याही मराठी उद्योजकाला चटकन कळेल.

बकलरचं गिऱ्हाईक कोण होतं? युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पैसे असूनही नवी गाडी मिळत नव्हती. कारखान्यांना पोलाद हवं असेल तर गाड्या निर्यात करा, असा सरकारचा आग्रह होता. पेट्रोलचं रेशनिंग मे १९५० पर्यंत चाललं. पण १९२२ ते १९३९ या काळात विकल्या गेलेल्या ऑस्टिन सेव्हन आणि तीसच्या दशकातल्या छोट्या फोर्ड गाड्या गल्लोगल्ली होत्या, वरून गंजलेल्या आणि आतून धडधाकट. तरुण मुलं त्या विकत घेत, वरचा पत्रा फेकून देत आणि खाली राहिलेल्यातून शर्यतीची गाडी करत. या गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणत. १९३९ मध्ये स्थापन झालेला ‘७५० मोटर क्लब’ हा अशाच लोकांचा. कॉलिन चॅपमनने आपली पहिली लोटस १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच बांधली.

इथपर्यंत ही टंचाईची गोष्ट आहे. तिला धंद्याचं रूप दिलं ते एका कराने. १९४० मध्ये, युद्धाच्या खर्चासाठी, ब्रिटनने खरेदी कर आणला. युद्ध संपलं, कर राहिला. मोटारींवर तो पन्नासच्या दशकात बराच काळ घाऊक किमतीच्या निम्मा किंवा त्याहून जास्त होता. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी बाजारात आली तेव्हा तिची मूळ किंमत ३५० पौंड होती आणि वरचा कर जवळजवळ १४७ पौंड. पण हा कर पूर्ण गाडीवर होता. तेच भाग सुटे विकले आणि गिऱ्हाइकाने घरी जोडले, तर तो लागत नसे. १९५७ ची लोटस सेव्हन अशीच सुट्या भागांत विकली गेली. नियम असा होता म्हणतात की जोडणीची लेखी कृती सोबत दिली तर ती पूर्ण गाडी धरली जाईल. तेव्हा चॅपमनने गाडी ‘खोलण्याची’ कृती दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची! गोष्ट रंगवलेली असेल, पण कर खराच होता. स्वतः जोडणं हे तेव्हा हौशीइतकंच करातून सुटण्याचं साधन होतं.

स्वतः करायचं तर ज्ञान कुठून आणायचं? १९५६ मध्ये जॉन हेन्स नावाच्या शाळकरी मुलाने आपली ऑस्टिन स्पेशल कशी बांधली, यावर एक पुस्तिका काढली. तिच्या अडीचशे प्रती दहा दिवसांत संपल्या. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याने ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका छापली. तिची पद्धत अशी होती की गाडी खरोखर शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक पायरीचा फोटो छापायचा. पुढे प्रत्येक लोकप्रिय गाडीची हेन्स पुस्तिका निघाली. माझ्या शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये अशा अकरा आहेत, पानांवर ग्रीसचे ठसे उमटलेल्या. त्यातल्या बहुतेक गाड्या आता रस्त्यावर नाहीत.

ही झाली एक परंपरा. दुसरी परंपरा, दुकानाची, तेव्हाच आकार घेत होती. सॉल्झबरीजवळच्या डाउंटन गावात डॅनियल रिचमंड आणि त्याची पत्नी बंटी यांचं ‘डाउंटन इंजिनिअरिंग’ हे दुकान होतं. रिचमंडचं कसब सिलिंडर हेडमध्ये. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. हवा-पेट्रोल आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग त्यात कोरलेले असतात. कारखान्यात ओतीव कामातून आलेले हे मार्ग खडबडीत असतात, वळणं अवघड असतात. रिचमंडची माणसं ते हाताने घासून, आकार देऊन मोकळे करत, व्हॉल्व्ह मोठे घालत, ज्वलनकक्षाचा आकार सुधारत. बाहेरून गाडी तीच, आत इंजिन मोकळेपणाने श्वास घेणारं. मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे बीएमसीने, पुढे त्याचाच सल्ला घेतला. लंडनमध्ये ‘स्पीडवेल’ नावाची कंपनी होती. पुढे दोनदा जगज्जेता झालेला ग्रॅहम हिल तिच्याशी जोडलेला होता.

या दुकानांमुळे गिऱ्हाइकापुढे तीन वाटा आल्या. गाडी घेऊन जा आणि तयार करून आणा. किंवा भागांचं खोकं मागवा आणि रविवारी अंगणात बसवा. किंवा मधली वाट: तुमचं हेड काढून पाठवा, बदल्यात तयार हेड घ्या. १९६१ मध्ये बीएमसीने स्वतःच ‘मिनी कूपर’ काढली. साध्या मिनीचं इंजिन ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीचं. कूपरचं ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्तीचं. जे काल गल्लीतला हौशी माणूस करत होता, ते आज कारखाना करून देत होता. १९६४ मध्ये मिनी कूपर एसने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली आणि बीएमसीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातल्या ‘स्पेशल ट्युनिंग’ विभागाचे भाग घेण्यासाठी लोकांची रीघ लागली. ॲबिंग्डन तेव्हा बर्कशायरमध्येच होतं, म्हणजे ब्रॅकनेलच्याच जिल्ह्यात.

आता माझ्या रागाचा प्रश्न. स्वतः आणलेला भाग बसवायला दुकानदार का कचरतो? याचं उत्तर मला गाड्यांच्या इतिहासात सापडलं नाही, न्यायालयात सापडलं.

१९३४ च्या कायदा-अहवालात एक खटला आहे: जी. एच. मायर्स अँड कंपनी विरुद्ध ब्रेंट क्रॉस सर्व्हिस कंपनी. मायर्सने आपली गाडी गॅरेजला इंजिनाच्या दुरुस्तीसाठी दिली, लागतील ते भाग घाला म्हणून सांगितलं. गॅरेजने सहा नवे कनेक्टिंग रॉड आणून बसवले. रॉड चांगल्या ठिकाणाहून आणले होते आणि कामही नीट केलं होतं. पण त्यातल्या एका रॉडमध्ये डोळ्यांना न दिसणारा दोष होता. तो तुटला आणि इंजिन फोडून गेला. गॅरेज म्हणालं, आमची काय चूक? कितीही तपासलं असतं तरी हा दोष दिसला नसता. हे खरंही होतं. तरी न्यायालयाने भरपाई गॅरेजवर टाकली. जो काम करतो आणि त्या कामाचं सामानही पुरवतो, तो सामान चांगलं असल्याची हमी देतो. दोष त्याला दिसला की नाही हा प्रश्न नाही.

हे गॅरेजवर अन्यायाचं वाटतं. मलाही वाटलं. पण न्यायालयांनी त्यामागचं कारण पुढे स्पष्ट केलं. १९६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर छपराच्या कौलांचा खटला आला. कौलं कुठल्या कारखान्याची, कुठल्या नावाची घ्यायची, हे काम देणाऱ्यानेच ठरवलं होतं. छप्पर घालणाऱ्याने ती आणून बसवली. कौलं सदोष निघाली. लॉर्डांनी निवड आणि दर्जा वेगळे केले. हे कौल या छपराला योग्य आहे का, ही जबाबदारी निवडणाऱ्याची. पण आणलेला माल खोटा निघाला, तर आणणारा जबाबदार, कारण तो आपल्या पुरवठादाराला धरू शकतो आणि पुरवठादार कारखान्याला. जबाबदारीची ही साखळी आहे. प्रत्येक कडी पुढच्या कडीला धरून असते आणि शेवटी नुकसान जिथे दोष जन्मला तिथे पोहोचतं.

खोकं घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा ही साखळी मीच तोडली होती. भाग मी निवडला, मी आणला. उद्या पाइप सुटला, किंवा इंटरकूलरला बारीक चीर जाऊन टर्बो जास्त फिरून जळाला, तर विकणारा म्हणणार, बसवणाऱ्याने चुकीचा बसवला. बसवणारा म्हणणार, भागच खोटा. दोघांचं म्हणणं खरं असू शकतं आणि ते सिद्ध करण्याचा खर्च माझ्यावर. गॅरेजवाल्याच्या बाजूने पाहिलं तर त्याला शंभर पौंडांच्या मजुरीत हजारोंच्या भांडणात उतरायचं होतं, आणि तेही ज्याला धरता येईल असा पुरवठादार नसताना.

२०१५ चा ग्राहक हक्क कायदा हेच साध्या शब्दांत मांडतो. काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे, हे त्यात आहेच. पण त्याच्या पंधराव्या कलमात असं आहे की विक्रेत्याने वस्तू बसवून देण्याचं कबूल केलं असेल आणि बसवणं चुकलं, तर ती वस्तूच करारानुसार नाही असं धरायचं. म्हणजे भाग वाईट की काम वाईट, हा वादच उरत नाही. एकच माणूस उत्तर देणार. शिवाय पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं गृहीत धरलं जातं. नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. भाग तुम्ही स्वतः बसवला तरी वाईट मालाविरुद्ध तुमचा हक्क राहतो, पण विक्रेता पहिला प्रश्न विचारणार, बसवला कुणी?

खरेदी कर १ एप्रिल १९७३ ला संपला. त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची जुनी पळवाट बंद झाली. लोटसने सेव्हनचे हक्क त्याच वर्षी कॅटरहॅम नावाच्या विक्रेत्याला देऊन टाकले. पुढे गाडीच बदलली. १९७९ मध्ये बॉशने बीएमडब्ल्यूसाठी मोट्रॉनिक ही प्रणाली आणली. पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा, हे दोन्ही एकच संगणक ठरवू लागला. मग त्या संगणकातली चिप बदलून शक्ती वाढवण्याचा धंदा उभा राहिला. २००१ पासून युरोपातल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तपासणीचं प्रमाणित सॉकेट सक्तीचं झालं, आणि आता त्याच सॉकेटला लॅपटॉप लावून पाच-दहा मिनिटांत इंजिनाचा स्वभाव बदलता येतो. घरी बसून हे करणं शेजारच्या आजोबांच्या काळापेक्षा कितीतरी सोपं आहे, पण चूक ओळखणं तितकंच अवघड. कार्बोरेटर चुकला तर इंजिन खोकायचं, काळा धूर सोडायचं. प्रोग्रॅम चुकला तर गाडी मस्त पळते आणि पिस्टन हळूहळू शिजत राहतो. चांगलं दुकान गाडी रोलरवर चढवून, पूर्ण जोरात पळवून, हवा-इंधनाचं प्रमाण मोजून मग प्रोग्रॅम ठरवतं. दुकानाच्या जादा पैशांतला एक भाग या मोजणीचा असतो.

त्यात दोन पहारेकरी वाढले. पहिला वार्षिक तपासणीचा. एमओटी ही चाचणी १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती. आता ती तीन वर्षांच्या गाडीपासून लागते आणि त्यात धूरही मोजतात. डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर काढून टाकलेला दिसला, तर २०१४ पासून गाडी सरळ नापास. दुसरा पहारेकरी विम्याचा. पूर्वीच्या कायद्यात, १९०६ पासून, विमा घेणाऱ्याने महत्त्वाची प्रत्येक गोष्ट न विचारता सांगायची होती. २०१२ च्या कायद्याने ते सौम्य केलं. आता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं काळजीपूर्वक आणि खरी द्यायची. पण गाडीत बदल केले आहेत का, हा प्रश्न इथला प्रत्येक विमावाला विचारतोच. त्याला ‘नाही’ म्हणून शंभर पौंड वाचवणारा माणूस अपघातानंतर काय गमावू शकतो, हे सांगायला नको. आपली बरीच मुलं इथे नवी नवी येतात, स्वस्तात जुनी गाडी घेतात आणि या प्रश्नावर सहज टिचकी मारून मोकळी होतात. या लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं, तरी पुरे.

आणि आपल्याकडे? गाडीला किट ‘बसवून घेणं’ मुंबईकरांना नवं नाही. शतक बदलताना, न्यायालयाच्या आदेशांमुळे, काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि ‘गॅसकिट’ हा मराठी शब्द झाला. तिथे मात्र सामान आमचं, मजुरी तुमची, हे चालत नाही. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, ते अधिकृत केंद्रातच बसवावं लागतं, आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी होते. बाकीच्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येणार नाही. ब्रिटनने बदल करू दिले आणि उत्तर कुणी द्यायचं ते ठरवलं. आपण बदलच बहुतेक बंद केले. जे उरलं, ते गल्लीतल्या मिस्त्रीवर सोडलं.

त्या मिस्त्रीची मला फार आठवण आली. बाबांच्या चेतकचं इंजिन एकदा बोअर करून घेतलं होतं. मी सातवीत असेन. नेहमीप्रमाणे पिस्टन आम्ही नाना पेठेतून आणला, मिस्त्रीने बसवला. आठवड्याच्या आत चढावर पिस्टन जाम झाला आणि बाबा स्कूटर ढकलत घरी आले. दुकानदार म्हणाला, बोअर घट्ट ठेवलाय. मिस्त्री म्हणाला, पिस्टन डुप्लिकेट दिलाय. आठवडाभर बाबा दोघांमध्ये फेऱ्या मारत होते. शेवटी मिस्त्रीने काम पुन्हा फुकटात केलं. ‘साहेब, रोज इथूनच जाता, तुमच्याकडून दोनदा मजुरी कशी घेऊ?’ हे त्याचं वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तशी माणसं आता राहिली नाहीत, वगैरे.

मायर्सचा खटला वाचताना मला पहिल्यांदा सुचलं की त्या गोष्टीत एक प्रश्न आम्ही कधीच विचारला नाही. दुसऱ्या पिस्टनचे पैसे कुणी दिले? बाबांनीच. आणि मिस्त्रीची दुसऱ्या वेळची मजुरी? ती त्याच्या पोटातून गेली. चूक कदाचित त्याची नव्हतीच. दोष बहुधा ज्या कारखान्यात जन्मला, तिथे त्याची झळ पोहोचलीच नाही. दोन गरजू माणसांनी नुकसान वाटून घेतलं आणि आम्ही त्याला चांगुलपणा म्हटलं. तो चांगुलपणा होताच. पण त्याच्या जिवावर कुणीतरी तिसराच सुटला होता.

मी इंटरकूलर परत केला. घरबसल्या मागवलेला माल चौदा दिवसांत परत करता येतो, मात्र तो बसवून वापरलेला असेल तर पैसे कापले जाऊ शकतात. माझा खोक्यातच होता, त्यामुळे पोस्टाचे पैसे तेवढे गेले. मग विमा कंपनीला फोन केला, हप्ता किती वाढेल ते विचारलं, ते ऐकून दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी त्याच गॅरेजला तोच भाग आणून बसवायला सांगितला. प्रोग्रॅम बदलण्याचा बेत मात्र सोडला. माझा करार पुढच्या वर्षी संपतो. त्याआधी इंजिन बदलायची वेळ आली तर परवडणार नाही. हवेचा फिल्टर, दिव्यांचे बल्ब, ब्रेकचे पॅड मी अजून स्वतःच बदलतो, शेजारच्या आजोबांच्या देखरेखीखाली. पॅडच्या बाबतीत ते मला अंगणाबाहेर गाडी काढू देण्याआधी तीनदा ब्रेक दाबायला लावतात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. गाडी दाखवली, पुढच्या जाळीतून आतला नवा डबाही दाखवला. त्यांनी आधी पौंडाचे रुपये केले.

“एवढ्यात आपली अख्खी चेतक आली असती,” ते म्हणाले. “आणि सामान आपण नेलं असतं तर?”

“घेत नाहीत इथे.”

ते जरा वेळ गप्प राहिले. त्यांनाही तो चढ आठवला असावा.

“बरं,” ते म्हणाले, “बिल पक्कं दिलंय ना?”